गोविंदाने सांगितलेले अर्थ

नदीचं पाणी दाराशी येईल आणि परत जाईल.

पुष्पाबाईच्या घरी आज चूल नाई पेटली.

जो वाहन विकण्याच्या विचारात आहे, त्याने थांबावं.

लेकराच्या अंगाला लोखंड लागू देऊ नका.

मागच्या खिडकीची कडी लावा.

हे माझ्या लोकांनो, पूर्वेकडे दृष्टी लावा.

त्या पोराले मारू नका, त्याले ऐकू येत नाई.

तुमच्यामध्ये एक जण आहे, त्याने जे पेरलं नाही ते तो कापू पाहतो.

*

ही आठ वाक्यं एका दोनशेपानी वहीतली. त्यांचा एकमेकांशी संबंध एवढाच, की ती एकाच माणसाच्या तोंडून निघाली. मलकापुरात रेल्वेच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराचं आणि निळ्या भिंतींचं एक ख्रिस्ती प्रार्थनागृह आहे. रविवारी तिथे साठ-सत्तर माणसं जमतात. उपासनेत एक वेळ अशी येते की गाणी थांबतात, पेटीवाला हात काढून घेतो आणि तानाबाई उभी राहते.

तानाबाई आठवडी बाजारात कांदे-लसूण विकते. जन्मापासून तिची जीभ अडखळते. 'पावशेर' म्हणायला तिला इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक स्वतःच पाव किलो उचलून टोपलीत टाकतं. तिचं कुठलंही वाक्य तिने स्वतः पुरं केल्याचं कोणाला आठवत नाही; ते समोरचा पुरं करतो, कधी बरोबर, बहुतेक वेळा चूक. पण रविवारी डोळे मिटून ती, पवित्र आत्मा देतो म्हणतात त्या अन्य भाषेत, बोलू लागली की जीभ कुठेच अडत नसे. न समजणारे शब्द एकामागून एक, कालव्याला पाणी सुटल्यासारखे. दोन-तीन मिनिटं. मग ती थांबायची, आणि सगळ्यांच्या माना गोविंदाकडे वळायच्या.

कारण त्या बोलण्याचा अर्थ सांगण्याचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, गोविंदाकडे होतं. बोलणारी एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, अशी ती जोडी. अर्थ सांगणारा हजर नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसायचं, हा नियम होता; तो जुन्या पाळकांच्या मनचा नव्हता, पहिल्या मंडळ्यांना प्रेषिताने घालून दिलेला होता. गोविंदा मेहकरला साळ्याच्या लग्नाला गेला तेव्हा तानाबाई त्या रविवारी ओठ आवळून बसली होती.

आणि वही पूनमची. तिचं अक्षर गोल, मोत्यासारखं. गोविंदा जे बोलेल ते ती जसंच्या तसं, तारीख घालून उतरवायची. नवे पाळक चंद्रशेखर यांनी एकदा म्हणून पाहिलं होतं की देवाच्या संदेशात 'नाई पेटली' असं बरं दिसत नाही, 'नाही पेटली' करून टाका. पूनम म्हणाली, "मी कोन करनारी?"

*

आता अकरा वर्षं मागे.

गोविंदा जिनिंगमध्ये काटेवाला. कापसाच्या गाड्या येतात, काट्यावर चढतात, तो आकडा वाचतो, चिठ्ठी फाडतो. शेतकरी कितीही गोड बोलला, व्यापाऱ्याने कितीही डोळे दाखवले, तरी आकडा जो असेल तोच. त्याच्याविषयी बाजारात एवढं एक मत पक्कं होतं.

त्या रविवारी तानाबाई बोलून थांबली, आणि गोविंदाला काही तरी आलं. आवाज नाही, उजेड नाही, अंगावर काटा नाही. विसरलेलं नाव अचानक जिभेवर यावं, तसं. तो उठला, खाली बघून म्हणाला, "पुष्पाबाईच्या घरी आज चूल नाई पेटली," आणि खाली बसला. लोकांना वाटलं, हा कसला अर्थ. पण दोघी बाया उठून गेल्या. पुष्पाबाई तीन दिवसांच्या तापात एकटी पडली होती, उशाशी तांब्यासुद्धा रिकामा. तिथून परत आल्यावर त्या बायांनी गोविंदाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याने आधी कधी झेलली नव्हती.

पुढच्या रविवारी तानाबाई बोलली, थांबली. साठ माना वळल्या. आणि गोविंदाला काहीच आलं नाही.

तानाबाई डोळे मिटून उभीच होती. तिला धाप लागली होती. तिच्या तोंडून जे गेलं ते काय होतं, हे कळल्याशिवाय ती बसणार नव्हती. गोविंदाने वर पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे माझ्या लोकांनो, पूर्वेकडे दृष्टी लावा."

तानाबाईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्याने पाहिलं. बस. तिथून ते सुरू झालं. नसेल आलं तर थोडं आपलं घालायचं, कोणाचं वाईट होणार नाही एवढं बघायचं. यात कोणाचं काय जातं?

*

कोणाचं काय जातं, ते एका एप्रिलातल्या शुक्रवारी हर्षल सांगायला आला. हर्षल म्हणजे पूनमचा नवरा, नळजोडणीची कामं करणारा. हंगाम सरत आला होता, जिनिंगच्या फाटकात दोनच गाड्या उभ्या होत्या.

"सलाम, भाऊ."

"सलाम. काऊन रे, आज पाना-बिना न घेता?"

"मस्करी नका करू. तुमीच समजावा तिले. बुधवारची तारीख हाय नागपूरले, अर्पिताच्या आपरेशनची. शायेतल्या तपासनीत निघालं ना, हृदयाले भोक. योजनेत बसलं सारं, कागद झाले, मंगळवारी गाडीत बसाचं हाय. अन् पूनम नाई म्हनून राह्यली."

"कायले भेते? आता त सारे करतात."

"भेत नाई. देवानं नाई म्हनलं, म्हनते."

"कवा म्हनलं?"

हर्षलने खिशातून मोबाइल काढला. "तुमीच त सांगतलं."

त्याने वहीच्या एका पानाचा फोटो दाखवला. गोल अक्षर. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. *लेकराच्या अंगाला लोखंड लागू देऊ नका.*

"डॉक्टर म्हनते, आता नाई केलं त फुफ्फुसं खराब होत जातीन. मंग पुढं आपरेशन कराच्या कामाचीच नाई राहत पोरगी. नऊ वर्षांची हाय, भाऊ. जिना चढली का धाप लागते तिले. पूनमले सांगा तुमी, का हे वचन दुसऱ्या कोनाचं हाय. तुमचं ऐकन ती."

गोविंदाने फोटो हाताने मोठा करून पुन्हा वाचला. मग नकळत डावा तळहात पालथा केला.

त्या डिसेंबरात कापसाच्या गाठीवर आवळलेली लोखंडी पट्टी सुटून त्याच्या तळहाताला लागली होती. सात टाके. ते शुक्रवारी, आणि रविवारी तो बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन उपासनेत बसला होता. हात ठणकत होता. तानाबाई बोलून थांबली. काही आलं नाही. डोक्यात लोखंडाशिवाय काही नव्हतं, आणि पुढच्या चटईवर कोणाचं तरी तान्हं रडत होतं. त्याने दोन्ही एकत्र केलं. पत्र्याकडे पाहून.

"पाहातो मी," तो हर्षलला म्हणाला. "परवा रविवार हाय. पाहातो."

काट्यावर पुढची गाडी चढली. त्याने आकडा वाचला, चिठ्ठी फाडली आणि गाडीवाल्याला न देता खिशात घातली. गाडीवाला ओरडला तेव्हा काढून दिली.

*

शनिवारी दुपारी गच्चीवर त्याची बायको सारिका कुरडया घालत होती. चीक साच्यात भरायचा, दांडा फिरवायचा, धोतरावर गोल पाडायचा. गोविंदा सावलीला बसून कावळे हाकलत होता, म्हणजे तसं त्याला सांगितलं होतं. त्याने हर्षलचं सगळं सांगितलं.

सारिका साचा फिरवता फिरवता म्हणाली, "मंग सोपं हाय. उद्या तानामाय थांबली का उठा अन् सांगून द्या. जा म्हनावं नागपूरले."

"अन् नाई आलं त?"

"आतालोक सारं येतच होतं का?"

गोविंदाच्या हातातली काडी खाली पडली.

"मले काय पाहाता? तुमाले खरं येते तवा मान खाली राहाते तुमची. बाकीच्या टायमाले वर पत्र्याकडं पाहाता. अकरा वर्षं झाले, मले समजनार नाई?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"कायले बोलू? लोकं खूश होते. तानामाय खूश होती. अन् तुमी बी आठवडाभर सिधे राहात होते." तिने एक कुरडई मोडली, पुन्हा गोळा करून साच्यात टाकली. "कावळा पाहा."

*

गोविंदाने शनिवारी दुपारी तयार केलेली वाक्यं, आणि ती का टाकली:

'त्या लेकराला घेऊन जा.' फार साधं. पूनमला वाटेल हर्षलनेच पढवलं.

'लोखंड म्हणजे लोखंड नव्हे, ते तुमच्या मनाचं काठिण्य.' हे त्याला आवडलं होतं. पण लेकराच्या अंगाला मनाचं काठिण्य कसं लागणार?

'जे मी पूर्वी बोललो ते आता मी उचलून घेतो.' देव शब्द परत घेतो, हे सांगायची त्याची छाती होईना.

'गोविंदा खोटारडा आहे.' हे त्याने मनात म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. पण मग उद्यापासून अर्थ सांगणारा कोणी नाही. अर्थ सांगणारा नाही तर नियमाप्रमाणे तानाबाई गप्प. बाजारात तिला कोणी बोलू देत नाही, घरात बोलायला कोणी नाही. उरलेली तीन मिनिटंही जाणार. तीही त्याच्याच हाताने.

'जा. भिऊ नका. शस्त्र धरणाऱ्या हाताला मी धरलं आहे.' हे ठेवलं.

*

रविवारी अर्पिताला मधे घेऊन हर्षल आणि पूनम पुढच्या चटईवर बसले. मोठा निर्णय असला की त्या घरच्यांनी पुढे बसायचं, ही या मंडळीची पद्धत. लग्न ठरताना, घराचा पाया खोदताना, पोरगं पुण्याला नोकरीला जाताना, सगळे त्या चटईवर बसून गेलेले. अर्पिता फ्रॉकच्या लेसचा दोरा ओढत होती. पूनमच्या मांडीवर वही, हातात पेन.

पेटी थांबली. तानाबाई उभी राहिली, पदर नीट केला आणि बोलू लागली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली. गोविंदाने मान खाली घातली आणि खरोखर वाट पाहिली. आयुष्यात कधी पाहिली नसेल इतकी. दे, तो म्हणत होता, एवढं एक दे, पुन्हा मागणार नाही. फरशीवर एक मुंगळा चालला होता. मुंगळा चटईखाली गेला. काहीही आलं नाही.

तानाबाई थांबली. माना वळल्या.

गोविंदा उठला. "जा. भिऊ नका. शस्त्र धरणाऱ्या हाताला मी धरलं आहे."

हर्षलने मोठ्याने सुस्कारा टाकला. मागे दोन-तीन जणांनी "आमेन" म्हटलं. पूनमचं पेन मात्र कागदावर टेकलं नव्हतं.

"गोविंदाभाऊ," ती म्हणाली, "एक विचारू?"

अर्थ सांगून झाल्यावर मधेच कोणी काही विचारलं, असं अकरा वर्षांत झालं नव्हतं. पाळक खुर्चीत पुढे सरकले.

पूनमने खूण घातलेलं पान उघडलं. "दोन वर्षांपूर्वी तुमी सांगतलं, लेकराच्या अंगाला लोखंड लागू देऊ नका. आज सांगता, शस्त्राले जाऊ द्या. ते बी देवाचं, हे बी देवाचं. मंग त्यानं मन बदललं का?"

"पूनमताई," चंद्रशेखर पाळक हळू म्हणाले, "तो संदेश दुसऱ्या कोणासाठी असेल."

"मंग आजचा बी दुसऱ्या कोनासाठी असन."

पाळक पुन्हा खुर्चीला टेकले. पंखा कुरकुरत होता. पूनम भांडत नव्हती; मुलीचा गणवेश मापाचा आहे का असं विचारावं तशी विचारत होती. "मले फक्त एवढं सांगा, भाऊ, यातला कोनता धरू? चुकीचा धरला त पोरगी माही जाते."

गोविंदाला अजून बसता आलं असतं. देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तयारच होतं, पत्र्याला टांगलेलं. त्याने वर पाहिलं नाही.

"दोन्ही नको धरू," तो म्हणाला. "दोन्ही माहेच हाय. देवाचे नाई."

"काय म्हनतं बे!" मागून रामराव. रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन, त्याचं कुजबुजणंही फलाटभर ऐकू जाई.

"माह्या हाताले गाठीची पट्टी लागली होती तवा. लोखंडच होतं डोक्यात. काई आलं नोतं, म्हनून तसं बोललो. आज बी काई नाई आलं. हे कालच गच्चीवर बसून बनवलं."

सारिकाने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला.

तानाबाईने डोळे उघडले होते. ती उभीच होती.

पूनम रडली नाही. तिने विचारलं, "सारेच?"

"नाई. सारे नाई."

तिने वही त्याच्यासमोर धरली, वर पेन ठेवलं. "खुना करा."

*

इथे चाळीस मिनिटं गेली. एवढ्या वेळात पोरं पाणी प्यायला बाहेर जाऊन आली, पाळकांनी एक गाणं सुरू करून पाहिलं आणि दुसऱ्या ओळीला सोडून दिलं, रामराव दोनदा "च्यायला" म्हणाला आणि दोनदा जीभ चावली. गोविंदा फरशीवर मांडी घालून अकरा वर्षं वाचत होता. काही वाक्यं त्याला आपली वाटेचनात. काहींवर तो लाजला. 'नदीचं पाणी दाराशी येईल' याच्यापाशी तर थांबून त्याने कपाळाला हात लावला. प्रार्थनागृहाजवळ नदीच नव्हती.

नऊ खुणा झाल्या.

पूनमने त्या मोठ्याने वाचल्या. पुष्पाबाईची चूल. मागच्या खिडकीची कडी, जी त्या दिवशी खरंच सैल होती आणि संध्याकाळी वादळी वाऱ्यात झडप निखळून बाहेरच पडली होती. तायडे मास्तरांचा मुलगा, ज्याला वर्गात ऐकत नाही म्हणून मार बसायचा आणि नंतर कळलं की एका कानाने ऐकूच येत नाही. 'विहिरीवरच्या बाईला कोणी विचारा, तिचं नाव काय.' अशी. देवाने 'हे माझ्या लोकांनो' कुठेच म्हटलं नव्हतं. सगळी कोणाच्या ना कोणाच्या घरातली कामं. ती ज्या दिवशी सांगितली गेली, त्या दिवशी मंडळीला त्यांचं फारसं काही वाटलं नव्हतं; लोकांना नदी आणि पूर्व दिशा जास्त आवडली होती.

नवात अर्पिताविषयी काही नव्हतं.

"मंग आता?" हर्षल म्हणाला. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेव्हा तानाबाई खांब धरून बोलली. "मा-मा-माह्या... सु-सु..."

"सुदामाचं विचारते," कोणीतरी म्हणालं. सुदाम तिचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. तो गेल्यानंतरच्या रविवारी गोविंदाने अर्थ सांगितला होता: तुझा पुत्र माझ्या मांडीवर आहे. पूनमने ते पान काढलं. त्यावर खूण नव्हती.

गोविंदाने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "तानामाय, त्याच्यावर खून नाई करता येत मले. अन् खोडता बी नाई येत. त्या दिवशी तुमाले पाहून मले तसंच म्हनावं वाटत होतं, अन् तेच तोंडात आलं. आलं का मीच आनलं, ते मले तवा बी नाई समजलं, आज बी नाई समजत. खोटं नाई सांगत."

"आतालोक त सांगतलं," रामराव म्हणाला.

"हाव. सांगतलं."

तानाबाईने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याला वाटलं, आता ही थुंकते. ती थुंकली नाही. तिने तोंड पूनमकडे वळवलं. "पो-पोरीले..." सवयीने दोघी-तिघींनी तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मिटलं. "घे-घेऊन जाय. ना-ना-नागपूरले. हे दे-देव नाई म्-म्हनत. मी म्-म्हनतो. माहा एक गे-गेला. घे-घेऊन जाय."

ते वाक्य पुरं व्हायला अर्धं मिनिट लागलं असेल. कोणी मधे बोललं नाही.

पूनम म्हणाली, "मले काईच समजून नाई राह्यलं, तानामाय." तिने वही बंद केली, अर्पिताचा हात धरला आणि उठली. त्या रविवारी शेवटचा आशीर्वाद राहूनच गेला.

*

सोमवारी चंद्रशेखर पाळक घरी आले. सारिकाने चहा ठेवला. ते तरुण होते, रागवायचं कसं हे त्यांना अजून नीट येत नव्हतं.

"तुम्ही उभं राहायचं नाही आता, गोविंदाभाऊ. निदान वर्षभर. मंडळीच्या पंचांनी ठरवलंय."

"बरोबर हाय."

"आणि मग तानाबाईंनाही..." त्यांनी बशीत चहा ओतला, परत कपात ओतला. "नियम आहे. माझा नाही."

"तिचा काई गुन्हा नोता."

"नव्हता. कृपादान माणसाच्या मालकीचं नसतं, ते दुसऱ्याच्या उपयोगाला दिलेलं असतं. तुम्ही ते स्वतःच्या..." ते थांबले. गोविंदाने त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.

"साहेब, एक सांगू? नऊ त आले ना. मले वाटे, दर रविवारी आलंच पाहिजे. काट्यावर गाडी आली का आकडा आलाच पाहिजे, तसं. नाई आलं त नाई आलं म्हनाले काय जात होतं माह्या बापाचं!"

"मला विचारायचं होतं," पाळक म्हणाले, आणि एकदम ते पाळक वाटेनात, साधं पोरगं वाटले. "ते येतं तेव्हा कसं वाटतं?"

"काईच नाई वाटत. म्हनून त विश्वास बसत नाई."

*

मंगळवारी गोविंदा स्टेशनवर गेला. कोणी बोलावलं नव्हतं. पूनम येईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. हर्षलनेही फोन उचलला नव्हता. तो पुलाच्या जिन्याशी उभा राहिला. गाडीला दहा मिनिटं असताना हर्षल दोन पिशव्या घेऊन आला, मागे पूनम, तिच्या कडेवर अर्पिता. नऊ वर्षांची मुलगी कडेवर, कारण पूल चढायचा होता. पूनम मधे एकदा थांबली, मुलीला खांद्यावर घेतलं आणि चढत राहिली. गोविंदा पिशवी घ्यायला पुढे झाला. हर्षलने एक दिली. पूनमने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि गाडी सुटेपर्यंत ती खिडकीत बसून मुलीच्या वेण्या घालत होती.

तिने कशावरून ठरवलं, हे तिने कोणालाही सांगितलं नाही. हर्षलला वाटतं तानाबाईमुळे. रामरावाला वाटतं डॉक्टरमुळे. बुधवारी ऑपरेशन झालं. अकरा दिवसांनी तिघं परत आले, तेव्हा मुलगी पूल स्वतःच्या पायांनी उतरली. चढायला मनाई होती.

वही पूनमने पाळकांना परत केली. मागची साठ-एक पानं कोरी होती. ती आता मागच्या बाजूला, भिंतीला टेकून बसते आणि गाणी म्हणते. गोविंदाशी बोलते, पण 'भाऊ' म्हणत नाही.

तानाबाई मंडळीत गप्प असते. घरी, दार लावून, ती देवाशी काय बोलायचं ते बोलते; तशी मुभा आहे. बाजारात लोक तिचं वाक्य अजूनही पुरं करतात, मात्र त्या रविवारी जे हजर होते ते आता थांबतात. ते थांबले की कधी कधी तिलाच राग येतो.

जून सरत आला असताना एका संध्याकाळी गोविंदा कामावरून येत तिच्या गल्लीतून निघाला होता. दाराआडून ते शब्द ऐकू येत होते, न अडखळणारे. तो थांबला नाही. तो अर्थ सांगणारा राहिला नव्हता आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. पिंपळाच्या पाराशी पोचल्यावर ते आलं: रामरावच्या मोरीतला नळ वाहून राह्यला.

रामराव पोरीकडे भुसावळला गेला होता, घराला कुलूप. गोविंदा आवाराची भिंत चढला, पॅन्ट खिळ्याला फाटली. मागच्या मोरीतला नळ भळाभळा वाहत होता, अंगणातून पाणी शेजारच्या कुडाच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. त्याने नळ बंद केला. परत भिंत चढला. सारिकाने पॅन्टबद्दल विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही.

हे सगळं व्हायच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीत, अर्पिताची शाळेतली तपासणी नुकतीच झालेली असताना पूनम एका पानात बोट घालून वही घेऊन जिनिंगच्या फाटकावर आली होती. काट्यावर गाड्यांची रांग होती, म्हणून गोविंदाने तिला रविवारी भेट म्हणून सांगितलं, आणि रविवारी ती काय विचारायला आली होती हे विचारलं नाही.